सूत्रकृमींच्या वाढीचा वेळ यंत्राने मोजायचा असेल तर

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमळनेरजवळच्या तुमच्या कॉलेजात एम.एस्सी.ची मुलं निंबोळी पेंडीच्या अर्काने सी. एलेगन्स या सूत्रकृमीची वाढ लांबते का, ते बघताहेत. दर दोन तासांनी प्लेट मायक्रोस्कोपखाली धरायची, रात्रपाळ्या लावायच्या, आणि तरीही दोन मुलांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. हे काम यंत्रावर टाकता येईल का, कोणतं यंत्र घ्यावं, आणि पुढे केळीच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला तीच पद्धत चालेल का?

टाकता येईल. पण कोणतंही यंत्र ‘वाढ’ मोजत नाही. कोणी खाणं मोजतं, कोणी हालचाल, कोणी लांबी, कोणी अंडी. तुमच्या दोन मुलांचे आकडे जुळत नाहीत त्याचं कारणही बहुतेक हेच असणार. एक जण आकार बघून ‘एल३’, म्हणजे तिसरी अळी-अवस्था, लिहितो, दुसरा योनिमार्गाची घडण बघून ‘एल४’ लिहितो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. तेव्हा आधी कोणती घटना मोजायची ते ठरवा, मग यंत्र बघा. कोटेशन मागवायची घाई नको.

सी. एलेगन्सच्या बाबतीत सर्वांत भरवशाची घटना म्हणजे कात टाकणं. अंड्यातून निघाल्यावर चार अळी-अवस्था (एल१ ते एल४), प्रत्येकीच्या शेवटी एक कात, चौथी कात टाकली की प्रौढ. २० अंशांवर पहिली अवस्था सगळ्यांत लांब, साधारण १४ ते १६ तासांची. दुसरी आणि तिसरी आठ-नऊ तासांच्या आसपास. चौथी परत थोडी लांब. प्रत्येक काते आधी दोन-तीन तास प्राणी सुस्त होतो. खाणं बंद, घशाची उघडझाप बंद, हालचाल जवळजवळ शून्य. मग तो स्वतःभोवती लाटण्यासारखा गोल फिरायला लागतो, जुनी त्वचा सैल होते, तोंडाशी टोपीसारखा एक तुकडा अडकलेला दिसतो, तो ढकलून बाहेर येतो आणि परत जिवाणू गिळायला लागतो. विद्यार्थ्यांना एकदा तरी हे शंभरपट मोठं करून पूर्ण बघायला लावा. पुढची सगळी यंत्रं याच दोन-तीन तासांच्या शांततेवर उभी आहेत, आणि ज्याने ती डोळ्यांनी पाहिली नाही तो आलेखातला कुठलाही खड्डा कात म्हणून मोजून मोकळा होतो.

यावर बेतलेली सर्वांत सुबक पद्धत २०१५ साली जेनेटिक्स या नियतकालिकात आली. सूत्रकृमीच्या अंगभर काजव्याचं लुसिफरेज हे विकर तयार होईल असा वाण घ्यायचा. ९६ खणांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खणात एकच अळी, द्रव माध्यम, खायला ई. कोलाय जिवाणू आणि सोबत लुसिफेरिन, म्हणजे लुसिफरेज ज्याच्यापासून उजेड करतं ते रसायन. अळी खाते तेव्हा लुसिफेरिनही पोटात जातं आणि ती उजेड देते. कात आली की खाणं थांबतं, उजेड मंदावतो. कात टाकून तोंड मोकळं झालं की उजेड परत झपकन वर. ल्युमिनोमीटर, म्हणजे प्लेटमधला मंद उजेड मोजणारा रीडर, दर काही मिनिटांनी प्रत्येक खणाची नोंद घेत राहतो. तीन दिवसांनी प्रत्येक अळीचा स्वतंत्र आलेख हातात येतो: चार डोंगर आणि चार दऱ्या. डोंगर म्हणजे खाण्याचा काळ, दरी म्हणजे कातेचा. सिग्नल आजूबाजूच्या वेळेतल्या त्याच्याच चालत्या सरासरीच्या तीन-चतुर्थांशाखाली गेला की कात सुरू, वर आला की संपली, असा नियम संगणकाला देता येतो. मग रात्री कोणी जागं राहायची गरज उरत नाही.

या पद्धतीचं खरं बळ असं की उजेड किती उंच गेला याला महत्त्व नाही, तो केव्हा उतरला आणि केव्हा चढला याला आहे. अर्कामुळे अळी अर्धंच खात असेल तरी डोंगर बुटका होईल, दरीची वेळ दिसेलच. पण तुमच्या कामात एक अडचण आहे. निंबोळीचा अर्क गढूळ, पिवळट-तपकिरी असतो, तो उजेड शोषतो. शिवाय काही वनस्पतिज रसायनं थेट लुसिफरेजलाच रोखतात. रेस्व्हेराट्रॉल हे त्यातलं नावाजलेलं उदाहरण. म्हणून अर्काची मात्रा टाकल्यावर सिग्नल दरी ओळखण्याइतका तरी उरतो का, हे आधी एका प्लेटवर तपासावं लागेल. दुसरं म्हणजे हा वाण जनुकीय बदल केलेला आहे. तो परदेशातून, बहुधा मिनेसोटा विद्यापीठातल्या वाणसंग्रहातून मागवायचा, त्याला आयातीचे कागद लागतात आणि तुमच्या संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. समिती नसेल तर जिथे आहे अशा संस्थेशी हातमिळवणी करा. मुंबईला टीआयएफआर या संशोधन संस्थेत सी. एलेगन्सवर काम चालतं, पुण्यातही माणसं आहेत. एम.एस्सी.च्या एका वर्षात हे सगळं बसवणं अवघड आहे, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

आता खानदेशातला मुद्दा. बाकी सगळं परदेशी लेखांत सापडेल, हे सापडणार नाही.

सी. एलेगन्सचा अंड्यापासून अंड्यापर्यंतचा फेरा २५ अंशांवर साधारण अडीच दिवसांत होतो, २० वर साडेतीन दिवस, १५ वर साडेपाच दिवस. म्हणजे २० ते २५ या पाच अंशांत चोवीस तासांचा फरक. एका अंशाला पाच तास धरा. तुमचा अर्क वाढ किती लांबवेल? चार-सहा तास लांबवला तरी तुम्ही खूश व्हाल. म्हणजे बीओडीच्या (प्लेट ठरावीक तापमानाला ठेवायच्या इन्क्युबेटरच्या) वरच्या आणि खालच्या फळीत एका अंशाचा फरक असेल, आणि कंट्रोलच्या, म्हणजे अर्क न दिलेल्या, प्लेट वर, अर्काच्या खाली असतील, तर सगळा ‘परिणाम’ फळीचाच निघेल. आणि हा फरक असतोच. जुन्या बीओडीत पंखा एका बाजूला, मागच्या भिंतीला कॉइल, दाराचं रबर सैल. बाहेरच्या डिस्प्लेवर २०.० दिसतं, आत मागच्या कोपऱ्यात वेगळं काहीतरी असतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो तेव्हा कॉम्प्रेसर दिवसभर चालू राहतो, आणि दुपारी दोनला लाइट गेली की अर्ध्या तासात आतलं तापमान काय होतं ते बघितल्याशिवाय कळत नाही.

म्हणून खर्चाच्या यादीत कॅमेऱ्याच्या आधी तापमानाचे लॉगर येतात. प्रत्येक फळीवर एक, प्लेटला टेकवून, दर पाच मिनिटांनी नोंद. प्रयोगाच्या फाइलमध्ये वाढीच्या आलेखाखाली तापमानाचा आलेख जोडलेला असलाच पाहिजे. नसेल तर माझ्याकडे आलेला प्रबंध मी पुढे वाचत नाही. कंट्रोल आणि अर्क एकाच प्लेटमध्ये, शेजारशेजारच्या खणांत, क्रम चिठ्ठ्या टाकून. बीओडीला इन्व्हर्टर नाही, स्वतंत्र जनरेटर लाइन हवी. कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा झटका साध्या इन्व्हर्टरला झेपत नाही. तेही नसेल तर हे प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. मात्र धुळे-नंदुरबारकडे डिसेंबरच्या रात्री चांगल्याच थंड असतात. खोलीच १२ अंशांवर गेली तर फक्त थंड करणारा बीओडी काही कामाचा नाही, त्याला हीटर असल्याची खात्री करा.

ल्युमिनोमीटर घेतला तरी हीच गोष्ट आडवी येते. बहुतेक प्लेट-रीडर गरम करू शकतात, थंड करू शकत नाहीत. खोलीच्या तापमानापेक्षा तीन-चार अंश वर हीच त्यांची खालची मर्यादा. एसी लावून खोली २६ वर ठेवली तर आत अळ्या ३० अंशांवर शिजतात, आणि २७ च्या वर हा प्राणी धड प्रजननही करत नाही. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांनी अख्खा ल्युमिनोमीटर थंड करणाऱ्या इन्क्युबेटरच्या आत ठेवला. विक्रेता हे आपणहून सांगत नाही. ‘खोली ३० अंशांवर असताना आतली प्लेट २० वर ठेवून दाखवा’ असं डेमोच्या दिवशी सांगा.

तुमच्या बजेटला आणि वेळेला मी दुसरा रस्ता सुचवेन: हालचाल मोजा. कातेआधीच्या सुस्तीत प्राणी हलत नाही, हे कॅमेऱ्याला लुसिफरेजशिवायही दिसतं. काही सेकंदांच्या अंतराने दोन फोटो घ्यायचे, एकातून दुसरा वजा करायचा. हलणाऱ्या अळीच्या जागी फरक उरतो, सुस्त अळीच्या जागी काही उरत नाही. दर दहा मिनिटांनी अशी जोडी घेतली की बदललेल्या पिक्सेलचा आलेख काढता येतो, आणि त्यातही तेच चार खड्डे दिसतात. रानटी वाणावर, म्हणजे एन२ वर, हे होतं. जनुकीय बदल नको, समितीची परवानगी नको, लुसिफेरिनचा खर्च नको.

इथे थोडं गणित करा, नाहीतर चुकीचा कॅमेरा येईल. नुकतीच निघालेली एल१ अळी पाव मिलिमीटर लांब आणि जेमतेम १५ मायक्रॉन जाड असते. ऑफिसचा फ्लॅटबेड स्कॅनर ३२०० डीपीआयवर लावला तर एक पिक्सेल आठ मायक्रॉनचा, म्हणजे अळीची जाडी दोन पिक्सेल. प्रौढ सूत्रकृमी मेलाय की जिवंत, एवढं स्कॅनरवर कळतं, आणि आयुर्मान मोजायला २०१३ पासून लोक स्कॅनर वापरतात. पण एल१ ची सुस्ती त्यावर सापडणार नाही. एका पिक्सेलला अडीच मायक्रॉन हवेत. चार हजार पिक्सेल रुंदीचा, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडायचा कॅमेरा घेतला तर एका वेळी दहा मिलिमीटर रुंद चौकट दिसेल. ९६ खणांची अख्खी प्लेट एका फोटोत घेण्याचा हट्ट सोडा. दहा मिलिमीटरच्या चौकटीत अगारचे सहा-आठ छोटे ठिपके, प्रत्येकावर ओपी५० चा (खायला देतात त्या ई. कोलाय वाणाचा) पातळ थर आणि एकेक अळी. असे चार कॅमेरे लावले तर एका फेरीत पंचवीस-तीस अळ्या मिळतात, आणि प्रत्येकीची स्वतंत्र वेळ मिळते.

उजेड लाल ठेवा. या प्राण्याला डोळे नाहीत, तरी निळा आणि अतिनील प्रकाश त्याला कळतो, तो त्यापासून पळतो आणि जास्त वेळ मिळाला तर बिघडतो. पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर असतो. लाल एलईडी, तीही फक्त फोटोपुरती चालू होणारी. सतत चालू ठेवलेली एलईडी प्लेट तापवते आणि पुन्हा आपण तापमानावर येतो. झाकणावर दव धरतं, ते चित्र खराब करतं. झाकणाला आतून सौम्य डिटर्जंटचा अगदी पातळ हात द्या आणि वाळू द्या.

लांबीवरून अवस्था ठरवायचा मोह टाळा. लांबी मोजायची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, चांगली आहेत, आणि मोठ्या प्रयोगशाळांत तर अळ्या नळीतून एकेक पुढे सरकवून त्यांची लांबी आणि घनता नोंदवणारी छाननी-यंत्रं आहेत, जी तासाभरात हजारो अळ्या मोजतात. पण बुटक्या वाणाचा प्रौढ त्यांना लहान अळी वाटतो. अर्काने भूक मारली तर अळी बारीक राहते, पण कात वेळेवर टाकते. आकार आणि वय यांची फारकत होते, आणि नेमकी ती फारकतच तुमच्या प्रयोगातली बघण्यासारखी गोष्ट असू शकते. त्यामुळे लांबी मोजा जरूर, त्याच फोटोंतून फुकट मिळते, पण तिला अवस्था म्हणू नका. शिवाय नळीवाल्या यंत्राला दर वेळी नवा नमुना लागतो, तीच अळी परत भेटत नाही. सरासरी मिळते, आणि सरासरीत कातेचे खड्डे बुजतात. एल१ ला सगळ्या बरोबर निघाल्या तरी एल४ पर्यंत कोणी तीन तास पुढे, कोणी तीन तास मागे. दोन तासांची शांतता अशा गर्दीत कशी दिसणार?

वाढीचं ‘घड्याळ’ म्हणतो तेव्हा मनात दोन वेगळ्या गोष्टी असतात, हेही मुलांना सांगा. कात केव्हा पडते ही एक. कोणत्या अवस्थेत पेशी कोणतं काम करतात ही दुसरी. सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांनी १९७७ साली अळीच्या पेशींच्या विभाजनाची वंशावळ नुसत्या डोळ्यांनी, मायक्रोस्कोपला चिकटून लिहून काढली. त्याच्याच आधाराने कळलं की लिन-४ या जनुकात बिघाड असलेली अळी पहिल्या अवस्थेतली कामं पुन्हापुन्हा करत राहते आणि चारपेक्षा जास्त काती टाकते. ते जनुक म्हणजे पहिला मायक्रोआरएनए, १९९३ साली सापडला, आणि त्याबद्दल अँब्रोस आणि रुव्कुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. तुमचा कॅमेरा अशा अळीत पाचवी सुस्ती दाखवेल, पण आत पेशी कोणत्या वयाच्या आहेत ते दाखवणार नाही. निंबोळीच्या कामाला एवढं खोल जायची गरज नाही. फक्त सुस्तींची संख्या चारच आली का, ते प्रत्येक अळीत मोजा. तीन आल्या तर बहुतेक एक निसटली आहे, तो आलेख हाताने बघा.

सुरुवातीची वेळ नीट धरली नाही तर शेवटच्या वेळेला अर्थ नाही. ब्लीच करून, म्हणजे प्रौढ सूत्रकृमी ब्लीचमध्ये विरघळवून, अंडी काढा, अन्नाशिवाय एम९ या क्षारांच्या द्रावणात रात्रभर ठेवा. निघालेल्या अळ्या उपाशीच एल१ वर थांबतात. अन्नावर टाकलं तो क्षण शून्य तास. मात्र उपास प्रत्येक फेरीत सारखाच ठेवा, म्हणजे १८ तास तर १८ च. जास्त दिवस उपाशी राहिलेली अळी अन्न मिळाल्यावरही उशिरा उठते. सोमवारी केलेलं ब्लीच शनिवारी वापरून त्याची तुलना ताज्याशी केली, तर त्या आकड्यांचं काही करता येत नाही.

अर्काबद्दल आणखी एक. निंबोळी जिवाणूंनाही सोसत नाही. ओपी५० मेला किंवा त्याची वाढ खुंटली तर अळी उपाशी, आणि उपाशी अळी सावकाश वाढते. ते श्रेय अर्काच्या सूत्रकृमीवरच्या परिणामाला जाईल. म्हणून अर्क घातलेल्या माध्यमात ओपी५० ची घनता वेगळी मोजा, आणि एक संच आधीच मारलेल्या जिवाणूंवर वाढवून बघा. अर्क ज्या द्रावकात आहे तो नुसता द्रावकही कंट्रोलमध्ये घाला. विद्यार्थी नेमकं इथेच पाण्यावर भागवतात.

आकडेमोडीत फार पडत नाही. दर दोन तासांनी बघितलं तर प्रत्येक वेळेत दोन तासांची अनिश्चितता आपोआप येते, आणि आठ तासांच्या एल२ ला ती फार होते. दहा मिनिटांच्या फोटोने हाच दोष जातो. सरासरीबरोबर मध्यक द्या. एका प्लेटवरच्या तीस अळ्या म्हणजे तीस स्वतंत्र प्रयोग नाहीत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या ब्लीचवर पुन्हा केलं तरच दुसरा प्रयोग. आणि अर्काने सगळ्याच अवस्था एका प्रमाणात लांबवल्या, की फक्त एल१ लांबली आणि पुढचं वेळेवर चाललं, हे वेगळं करून मांडा. पहिल्यात एकूणच खाणं किंवा चयापचय मंदावल्याचा संशय येतो, दुसऱ्यात सुरुवातीचा अडथळा. परीक्षकाला यात रस वाटेल.

राहिला केळीचा प्रश्न. रावेर-यावलच्या बागांत मुळांवर गाठी करणारा मेलॉइडोगायनी आणि मुळं पोखरणारा रॅडोफोलस, दोन्हींच्या बाबतीत वरचं जवळजवळ काहीच जसंच्या तसं चालत नाही. गाठीवाल्याची पहिली अवस्था अंड्यातच संपते. बाहेर येते ती दुसरी, तीच मुळात शिरते, आणि नंतरची सगळी वाढ मुळाच्या आत. तिथे कॅमेरा पोचत नाही. शिवाय त्याची तिसरी आणि चौथी अवस्था मुळीच खात नाही, तोंडातली सुईच नसते. तेव्हा ‘खाणं थांबलं म्हणजे कात’ हा नियमच तिथे लागू नाही.

त्याच्यासाठी जुनीच पद्धत बरी: एकाच वेळी लागण केलेली रोपं, ठरावीक दिवसांनी काही उपटायची, मुळं धुऊन ब्लीचमध्ये साफ करायची, अ‍ॅसिड फ्युक्सिनने रंगवायची, ग्लिसरीनमध्ये चेपून बघायची. गुलाबी रंगलेली अळी बारीक दोऱ्यासारखी आहे, सॉसेजसारखी फुगली आहे की नासपतीच्या आकाराची मादी झाली आहे, हे स्पष्ट दिसतं. यंत्राचं काम यापुढे सुरू होतं: हे फोटो काढून आकार ओळखायला संगणकाला शिकवता येतं, आणि गोंधळाचे फोटो तेवढे माणसाने बघायचे. वेळ तासांत न लिहिता उष्णता-एककांत, म्हणजे तापमान आणि वेळ एकत्र धरून, लिहा, जमिनीत रोपाच्या मुळाशी लॉगर पुरून. काळ्या मातीचं दहा सेंटिमीटरवरचं तापमान आणि हवेचं तापमान यांत बराच फरक असतो. एक गोष्ट मात्र सरळ कॅमेऱ्यावर जमेल: अंडी फुटण्याचा वेग. अंडीपुंज पाण्यात ठेवा, निघालेल्या दुसऱ्या अवस्थेच्या अळ्या दर काही तासांनी फोटोत मोजा, एका भांड्यात अर्क, एकात नुसता द्रावक. तुमच्या निंबोळीचा केळीशी संबंध जोडायला सर्वांत सोपी जागा तीच आहे, आणि त्याला बीओडी २० वर नाही, २७-२८ वर लागतो, जो तुमच्याकडे ऑक्टोबरपर्यंत सहज सांभाळला जाईल.